बियांपासून गुलाब लावायचाय? मग आधी हे सगळं नीट वाचा

गुलाब कटिंगपासून लावतात, डोळा भरून (म्हणजे एका झाडाचा डोळा, फुटू पाहणारा अंकुर, दुसऱ्या गुलाबाच्या मुळं धरलेल्या खुंटावर बसवून) करतात, नाहीतर नर्सरीतून तयार रोप आणतात, त्यामुळे बी पेरून गुलाब येतो तरी का असं नवीन लोक हमखास विचारतात. येतो, आणि छान येतो. फक्त झेंडूचं कसं आज पेरलं की आठवड्यात उगवलं, तसं इथे होत नाही. मधे फ्रीज आहे, बुरशी आहे, आणि बी हातात आल्यापासून फूल दिसेपर्यंत बऱ्यापैकी महिने जातात. हे आधीच माहीत असलं की वाट बघायचं काही वाटत नाही, म्हणून सगळं अगदी सुरुवातीपासून लिहितेय.

आधी हे डोक्यात पक्कं करा

बी ज्या झाडाचं, अगदी तसंच फूल नवीन रोपाला येणार नाही. आपण लावतो ते बहुतेक गुलाब पिढ्यान्पिढ्या एकमेकांत संकर होत होत आलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक बीत आईबापाच्या गुणांची वेगळीच सरमिसळ असते. एकाच बोंडातल्या (बोंड म्हणजे गुलाबाचं फळ) दहा बिया उगवल्या तर दहा वेगळी झाडं होतात, एकाला पाच पाकळ्यांचं साधं फूल, दुसऱ्याला भरगच्च, तिसऱ्याला वास मस्त पण झाड किरकोळ, चौथं नुसतंच काटेरी. तुम्हाला एखादा आवडता गुलाब जसाच्या तसा हवा असेल तर बियांच्या भानगडीत पडू नका, सरळ कटिंग लावा किंवा डोळा भरून घ्या, वेळही वाचेल.

मग बी कशाला लावायचं? कारण त्यातून येणारा गुलाब जगात दुसऱ्या कोणाकडेही नसतो. आज नाव घेतले जाणारे जवळपास सगळे गुलाब कधीतरी असेच एकेका बीतून आले (काही जुन्या झाडाच्या एखाद्या फांदीत अचानक बदल होऊनही मिळालेत, पण ते कमी). हायब्रिड टी या प्रकाराची (लांब देठावर एकेक मोठं फूल येणारे गुलाब) सुरुवात ज्या ला फ्रान्स गुलाबापासून मानतात तो 1867 मध्ये फ्रान्समधले गुलाब-पैदासकार गियो यांच्या बागेत बियांच्या रोपांमधून निवडलेला होता, आणि पिवळ्यावर गुलाबी छटेचा तो प्रसिद्ध पीस गुलाब, तोही गुलाब-पैदासकार फ्रान्सिस मेयाँ यांनी 1930 च्या दशकात केलेल्या संकराच्या बियांमधून आलेलं एक रोप, 1945 मध्ये त्याला पीस हे नाव मिळालं. त्यांनी जे केलं तेच काम आपण खिडकीत छोट्या ट्रेमध्ये करू शकतो, पद्धत तीच आहे, फरक फक्त संख्येचा.

ऑनलाइन पाकिटं: निळा गुलाब, इंद्रधनुष्य गुलाब वगैरे

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन माणूस पहिल्यांदा इथेच फसतो आणि मग बियांपासून गुलाब येतच नाही असं समजून सोडून देतो.

गर्द निळा, काळाकुट्ट, हिरवा-जांभळा मिक्स, सात रंगांच्या पाकळ्यांचा, असल्या गुलाबांच्या बिया म्हणून जी पाकिटं विकतात ती घेऊ नका. गुलाबात निळा रंग नैसर्गिकरीत्या येतच नाही, कारण निळ्या फुलांमध्ये डेल्फिनिडिन नावाचं जे रंगद्रव्य असतं ते बनवण्याची सोय गुलाबाच्या जनुकांमध्ये नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं ऑस्ट्रेलियाच्या फ्लोरिजीनबरोबर वर्षानुवर्षं काम करून दुसऱ्या फुलाचं जनुक गुलाबात घातलं, 2004 मध्ये तो गुलाब जगाला दाखवला आणि 2009 मध्ये ॲप्लॉज नावानं जपानमध्ये विकायला काढला, आणि इतकं करूनही त्याचा रंग फिकट जांभळाच आहे, आकाशासारखा निळा नाही. तोसुद्धा कापलेलं फूल म्हणून विकतात, त्याच्या बिया पाकिटात मिळत नाहीत. सात रंगांचा गुलाब तर झाडावर येतच नाही, पांढऱ्या फुलाचा देठ उभा चिरून प्रत्येक भाग वेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवतात, पाण्याबरोबर रंग पाकळ्यांत चढतो. त्याचं बी कुठून येणार!

पाकिटातच घ्यायचं असेल तर जंगली जातींचं बी घ्या, जसं रोझा रुगोसा, रोझा मल्टिफ्लोरा, रोझा कॅनिना, किंवा एंजल विंग्ज नावानं मिळणारं छोट्या झुडपी गुलाबाचं. ही खरी असतात आणि जंगली जातींची रोपं बऱ्यापैकी आईसारखीच निघतात. पण पाकिटातलं बी किती जुनं, कसं ठेवलेलं हे आपल्याला कळत नाही, आणि फार दिवस कोरडं राहिलेलं गुलाबाचं बी उगवायला आणखी वेळ लावतं. त्यामुळे माझं स्पष्ट मत, आपल्या किंवा ओळखीच्या कोणाच्या झाडावरचं ताजं बोंड सगळ्यात चांगलं. फुकट मिळतं, आणि आई कोण ते माहीत असतं.

बोंड मिळवायचं कसं

फूल सुकलं की आपण ते लगेच कापून टाकतो, पुढची फुलं लवकर यावीत म्हणून. बी हवं असेल तर ती कात्री बाजूला ठेवायची. पाकळ्या गळू द्या, खालचा हिरवा फुगीर भाग देठावर तसाच राहू द्या. फलन झालेलं असेल तर तो हळूहळू फुगतो आणि साडेतीन-चार महिन्यांत पिकून केशरी, लाल किंवा पिवळसर होतो. काही जातींची बोंडं पिकली तरी हिरवटच राहतात, तिथे चार महिने मोजून काढायची.

सगळ्या गुलाबांना बोंडं धरत नाहीत. ज्या फुलात पाकळ्या खूप गच्च असतात त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, परागकण कमी, आणि मधमाशीलाही आत जायला वाट नाही. काही जातींमध्ये गुणसूत्रांचे संच तीन असतात, त्यांना बी धरणं अवघड. म्हणून सुरुवातीला कमी पाकळ्यांचा, फूल पूर्ण उमलल्यावर मधे पिवळे पुंकेसर स्वच्छ दिसतात असा गुलाब निवडा.

बोंड घाईनं तोडू नका. कच्च्या बोंडातलं बी मऊ, पांढरट असतं, त्यातून काही निघत नाही. आणि उलट टोकाला, पार काळं पडून सुरकुतलेलं, आतून कुजलेलं बोंडही नको. रंग भरलाय, दाबलं तर किंचित मऊ लागतंय, तेव्हा तोडायचं, आणि तोडतानाच कागदावर झाडाचं नाव आणि तारीख लिहून बरोबर ठेवायची. नंतर लिहू म्हटलं की विसरतं, आणि सहा महिन्यांनी चार ट्रेसमोर उभं राहून कुठलं काय ते काही केल्या आठवत नाही.

परागीकरण हातानं करून बघायचं असेल तर

हा टप्पा ऐच्छिक आहे, मधमाश्यांवर सोडलं तरी चालतं, पण दोन आवडते गुलाब निवडून त्यांचं मूल कसं दिसेल हे बघण्यात जो आनंद आहे तो वेगळाच, म्हणून थोडक्यात सांगते.

आई म्हणून निवडलेल्या झाडावरची अशी कळी घ्या जी उद्या उमलणार आहे, पाकळ्या सैल झाल्यात पण अजून उघडली नाहीये. पाकळ्या अलगद काढून टाका. आत गोल रांगेत पुंकेसर दिसतील, ते चिमट्यानं सगळे काढायचे, अजून त्यातून पिवळी पूड सुटलेली नसावी, सुटली असेल तर त्या फुलानं स्वतःच स्वतःचं परागीकरण केलेलं असू शकतं. मधे जो बारीक दांड्यांचा झुबका उरतो तो स्त्रीकेसरांचा, त्याला हात लावायचा नाही. वरून कागदी पिशवी किंवा पातळ कापड बांधा म्हणजे माशी बसणार नाही.

बाप झाडाच्या तशाच नुकत्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर काढून कागदावर सावलीत पसरून ठेवा, एका दिवसात त्यातून बारीक पिवळी पूड सुटते. दुसऱ्या दिवशी आईच्या त्या झुबक्याची टोकं चिकट, चमकदार झालेली दिसतील, तेव्हा बोटानं किंवा मऊ ब्रशनं ती पूड लावायची, त्याच्या पुढच्या दिवशी परत एकदा, आणि पिशवी परत बांधायची. देठाला चिठ्ठी बांधा, आईचं नाव आधी, बापाचं नंतर, खाली तारीख. दोन-तीन आठवड्यांत देठ ताठ आणि खालचा भाग हिरवा, टणक राहिला तर जमलं. पिवळा पडून गळून गेला तर त्या जोडीचं जमत नाहीये किंवा हवा खूप गरम होती, दुसरी कळी घ्या. कडक उन्हाळ्यात हे काम सहसा फसतं, गुलाबाला फुलांचा पहिला मोठा बहर येतो तो काळ सगळ्यात चांगला, बोंड पिकायला पुढे पुरेसा वेळही मिळतो.

बिया काढणं आणि धुणं

हातमोजे घाला. बोंडाच्या आत बियांभोवती बारीक ताठ केस असतात, ते कातडीला लागले की चांगलीच खाज सुटते, डोळ्याला तर अजिबात हात लावायचा नाही.

बोंड मधोमध चिरा, पण सुरी खोल घालू नका, वरच्या सालीपुरतीच गोल फिरवा आणि दोन्ही अर्धे पिरगळून वेगळे करा, म्हणजे बिया कापल्या जाणार नाहीत. आत बिया एकमेकींना दाबून बसलेल्या दिसतात, म्हणून त्यांना कोनही वेडेवाकडे असतात, एक बाजू चपटी, एक गोल. एखाद्या बोंडात दोनच निघतात, एखाद्यात तीस. रंग फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत काहीही असतो.

बियांना चिकटलेला सगळा गर काढायचाच, हे टाळू नका. त्या गरात उगवण थांबवणारी द्रव्यं असतात, आणि शिवाय पुढे फ्रीजमध्ये बुरशी पहिल्यांदा त्याच गरावर येते. बारीक चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळा, केसही निघून जातात. मग एक कप पाण्यात 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन छोटे चमचे घालून त्यात बिया काही तास ठेवा, बुरशीचे बीजाणू बरेचसे मरतात, आणि परत साध्या पाण्यानं धुवा.

आता पाण्यात तरंगणाऱ्या बियांचं. तरंगलं ते पोकळ, बुडलं ते चांगलं, असं सगळीकडे सांगतात आणि बऱ्याच वेळा ते खरंही असतं, पण तरंगलेल्यातलीही काही उगवतात. बिया भरपूर असतील तर तरंगलेल्या टाका, थोड्याच असतील तर टाकू नका, वेगळ्या ठेवून त्याही पेरा.

एक अजून, धुतल्यावर बिया उन्हात वाळवत बसायचं नाही. ओल्या असतानाच पुढच्या टप्प्याला घ्यायच्या.

फ्रीजमधले दोन-तीन महिने

नवीन लोकांना सगळ्यात विचित्र वाटणारा भाग हाच. गुलाब मूळचा अशा प्रदेशांतला जिथे शरदात बोंड पिकतं आणि लगेच पुढे हिवाळा येतो. बी पडल्या पडल्या उगवलं तर कोवळं रोप थंडीत मरेल, म्हणून बीच्या आत एक कुलूप आहे असं समजा. बीच्या टणक कवचात आणि आत ॲब्सिसिक ॲसिड असतं, ते उगवण रोखून धरतं. ओलसर आणि थंड अवस्थेत काही आठवडे गेले की त्याचं प्रमाण आणि जोर कमी होत जातो, उगवण सुरू करणाऱ्या जिबरेलिनचा प्रभाव वाढतो, आणि मग ऊब मिळाली की बी हलतं. आपल्याला फ्रीजमध्ये तो हिवाळा खोटा खोटा तयार करायचाय. ओल आणि थंडी दोन्ही एकत्र लागतात, नुसतं कोरडं बी फ्रीजमध्ये ठेवलं तर ते टिकतं चांगलं पण कुलूप उघडत नाही.

करायचं असं: टिशू पेपर ओला करून घट्ट पिळा, पाणी टपकायला नको, हाताला फक्त ओलसर लागायला हवं. त्यात बिया एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरा, घडी घाला, झिपलॉक पिशवीत ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या, बाहेरून नाव आणि तारीख लिहा. टिशूऐवजी ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज) मिसळून ठेवल्या तरी चालतात, माझी पसंती टिशूलाच कारण बी डोळ्यांना दिसतं. फ्रीजचा खालचा कप्पा, तापमान साधारण 2 ते 5 अंश. फ्रीझरमध्ये ठेवू नका! भिजलेलं बी गोठलं की संपलं.

किती दिवस? घरच्या नेहमीच्या बागेतल्या गुलाबांना आठ ते दहा आठवडे पुरतात, काही सहा आठवड्यांतही तयार होतात. मल्टिफ्लोरा आणि चिनी गुलाबांच्या वंशातल्यांना कमी थंडी लागते, रुगोसाला जास्त, तीन-चार महिने धरून चाला. कॅनिनासारख्या जंगली जातींना तर आधी दोन-तीन महिने उबेत ओलसर ठेवून मग थंडी द्यावी लागते. तुमच्याकडे हिवाळाच कडक असेल तर एवढं सगळं नको, कुंडीत पेरा, वरून जाळी लावा म्हणजे उंदीर-पक्षी खाणार नाहीत, आणि कुंडी बाहेर ठेवून द्या, बाकीचं थंडी बघून घेते.

आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बघायची. हवा बदलते, टिशू सुकत आला असेल तर दोन थेंब पाणी द्यायचं, आणि बुरशी आली का ते दिसतं. एखाद्या बीवर पांढरा किंवा हिरवट कापसासारखा थर दिसला तर घाबरून सगळं फेकू नका, बिया काढून त्याच पेरॉक्साइडच्या पाण्यात धुवा, नवीन टिशू, नवीन पिशवी. दाबल्यावर फुटून आतून चिखल निघणारं बी तेवढं फेकायचं. वरून बुरशी लागलेली बरीच बियाणं आतून धडधाकट असतात.

आणि शेवटी शेवटी रोज बघायला लागाल, कारण काही बिया फ्रीजमध्येच तडकतात. कवचाच्या शिवणीवर बारीक भेग पडते आणि त्यातून पांढरं टोक डोकावतं, ते मूळ. असं बी लगेच उचलून मातीत, उशीर केला तर मूळ टिशूच्या धाग्यांत शिरतं आणि सोडवताना तुटतं. सुटत नसेल तर टिशूचा तुकडा कापून बीसकट लावा.

पेरणी

माती म्हणजे बागेतली माती नको, तिच्यात रोपं मारणाऱ्या बुरश्या असतात आणि पाणी साचतं. कोकोपीट आणि पर्लाइट (खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा व्हर्मिक्युलाइट निम्मं निम्मं, हवं तर अगदी थोडं चाळलेलं गांडूळखत. खत जास्त झालं तर कोवळ्या मुळांना त्रास, आणि बुरशीलाही मेजवानी, त्यामुळे हात आखडता ठेवा.

भांडं थोडं खोल हवं, गुलाबाचं पहिलं मूळ सरळ खाली जातं. चार-पाच इंच खोल कप किंवा ट्रेचे खोल कप्पे, खाली भोकं पाडलेली, निचरा झालाच पाहिजे. बी साधारण एक सेंटिमीटर खोल, मूळ निघालेलं असेल तर मूळ खाली करून, दोन बियांत दोन बोटांचं अंतर. वरून व्हर्मिक्युलाइटचा किंवा बारीक स्वच्छ रेतीचा पातळ थर द्या, पृष्ठभाग कोरडा राहतो आणि शेवाळ कमी धरतं. पाणी खालून द्यायचं, म्हणजे ट्रे पाण्याच्या ताटात ठेवायचा, वरपर्यंत ओल आली की उचलायचा.

तापमान 15 ते 20 अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. लोक इथे उलटं करतात, ऊब मिळाली की लवकर उगवेल म्हणून ट्रे गरम जागी ठेवतात, पण 25 च्या वर सतत राहिलं तर गुलाबाचं बी परत झोपी जाऊ शकतं आणि फ्रीजमधली सगळी मेहनत वाया. म्हणून उष्ण हवेच्या ठिकाणी राहात असाल तर गणित उलटं करा, वर्षातला सगळ्यात गार काळ कधी असतो तो बघा, तेव्हा पेरणी येईल अशा बेतानं दोन-अडीच महिने आधी बिया फ्रीजमध्ये टाका.

पहिली रोपं दोन-तीन आठवड्यांत दिसू शकतात, कधी दीड-दोन महिने लागतात. सगळी एकदम कधीच येत नाहीत. आज एक, चार दिवसांनी दोन, मग पंधरा दिवस सामसूम, मग अचानक पाच. आणि शंभर पेरल्या तर वीस-तीस उगवणं हे चांगलं समजायचं, काही संकरांत तर त्याहून कितीतरी कमी येतात. ट्रे फेकून देण्याची घाई करू नका, पहिल्या वर्षी गप्प बसलेलं बी पुढच्या थंडीनंतर उगवल्याची उदाहरणं भरपूर आहेत. उगवलेली रोपं अलगद काढून घ्या आणि ट्रे सावलीत ओलसर ठेवून द्या, पुढच्या मोसमात परत गार जागी.

रोप वर आल्यावर

आधी एक वाकलेली दांडी वर येते, मग ती सरळ होते आणि दोन गुळगुळीत लंबगोल पानं उघडतात, ती दलपत्रं, गुलाबासारखी अजिबात दिसत नाहीत, तण समजून उपटू नका. त्यानंतरचं पान मात्र बघण्यासारखं असतं, नखाएवढं, पण कडेला दाते, तीन पर्णिका (एकाच पानाचे छोटे भाग), अगदी गुलाबाचं. पाच पर्णिकांची पानं पुढे येतात. कधी कधी बीचं कवच टोपीसारखं दलपत्रांवर अडकून राहतं, त्यावर पाण्याचा थेंब ठेवा, मऊ झालं की चिमट्यानं हळूच काढा, कोरडं असताना ओढू नका.

सगळ्यात जास्त रोपं याच काळात जातात, आणि जातात ती पाण्यानं. संध्याकाळी ठीक दिसणारं रोप सकाळी मातीच्या पातळीवर बारीक, काळपट होऊन आडवं पडलेलं असतं. ही बुरशीची मर आहे, पिथियम, रायझोक्टोनिया वगैरे, एकदा आडवं पडलेलं रोप वाचत नाही. आधीच काळजी घ्यायची: पाणी खालून, वरचा थर सुकल्याशिवाय परत पाणी नाही, ट्रेवर झाकण घातलं असेल तर पहिलं रोप दिसताच काढायचं, आणि हवा खेळती पाहिजे, छोटा पंखा लांबून मंद लावला तरी खूप फरक पडतो, दांडीही मजबूत होते.

उजेड भरपूर. खिडकीतला उजेड कमी पडला तर रोप लांबुडकं, फिकं होऊन उजेडाकडे झुकतं. सकाळचं कोवळं ऊन द्या, दुपारचं कडक नको, किंवा ग्रो लाइट दिवसाला 14 ते 16 तास.

तीन-चार खरी पानं आली की वेगळ्या कुंडीत हलवायचं. धरायचं ते पानाला धरून, दांडीला नाही, पान तुटलं तर दुसरं येईल पण दांडी चेपली तर रोप गेलं. मुळाभोवतीचा गोळा शक्यतो फोडू नका. आठवडाभर सावलीत, मग हळूहळू उजेडात. खत तेव्हाच सुरू करा, पातळ द्रवखत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथा हिस्सा, पंधरा दिवसांनी एकदा, एवढं बस्स.

कोवळ्या शेंड्यावर मावा बसतो, बोटानं चिरडा किंवा पाण्याच्या फवाऱ्यानं उडवा. पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, तोही पाण्यानं बराच आटोक्यात येतो, कोरड्या गरम हवेत जास्त येतो. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी अगदी सौम्य करून संध्याकाळी करा, आणि आधी एकाच रोपावर, कोवळी पानं जळू शकतात.

भुरी आली तर मी वेगळं सांगेन. पानांवर पिठासारखा पांढरा थर, शेंडे मुडपलेले. एखाददुसऱ्या रोपावर आली आणि शेजारचं रोप त्याच हवेत स्वच्छ आहे, तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण रोगाला दाद न देणं हा गुणही बीतूनच येतो. म्हणून रोपं लहान असताना मी त्यांच्यावर बुरशीनाशकांचा मारा करत नाही. जे रोप फवारणीशिवाय चांगलं राहतं ते ठेवायचं, सतत आजारी पडणारं सोडून द्यायचं, फूल कितीही सुंदर असो. अवघड जातं, पण पुढे मोठं झाल्यावर त्याची सेवा आयुष्यभर करावी लागते.

पहिलं फूल आणि निवड

वर्षभर फुलणाऱ्या गुलाबांची मुलं असतील तर उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांत, रोप जेमतेम वीतभर असतानाच कळी येते. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातींची असतील तर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. एक वर्षभर फुलणारी जात आणि एक एकदाच फुलणारी यांचा संकर केला तर पहिल्या पिढीतली बहुतेक रोपं एकदाच फुलणारी निघतात, कारण सतत फुलण्याचा गुण दबून राहणारा आहे, दोन्ही बाजूंनी मिळाला तरच दिसतो. हे माहीत नसलं की रोपात काहीतरी बिघाड आहे असं वाटतं.

पहिली कळी खुडावी असं काही जण म्हणतात, रोपाची ताकद वाचते म्हणून. मला विचाराल तर रोप तब्येतीनं चांगलं असेल तर राहू द्या, बघा, रंग आणि वास नोंदवून ठेवा, आणि पाकळ्या गळायच्या आत कापा म्हणजे बोंड धरायला ताकद जाणार नाही. पण पहिल्या फुलावरून निकाल लावू नका. ते छोटं असतं, पाकळ्या कमी, रंग फिका. दुसऱ्या-तिसऱ्या बहरात तेच झाड दुप्पट पाकळ्या दाखवू शकतं. रंगाचा अंदाज तेवढा लवकर येतो, आकार आणि भरगच्चपणा यांना निदान वर्ष द्या.

जागा सगळ्यांनाच मर्यादित असते, त्यामुळे सगळी रोपं मोठी करणं जमणार नाही. आधी आजारी, खुरटी काढा, मग वर्षभरानं फुलांवरून. ज्यांचं मन होत नाही त्यांनी ती मित्रमंडळींना द्यावीत, साध्या पाच पाकळ्यांचा गुलाबही कोणाच्या तरी कुंपणाला शोभतो आणि मधमाश्यांना तर तोच जास्त आवडतो.

आणि एखादं रोप खरंच आवडलं तर एकाच झाडावर विसंबून राहू नका, कारण ते गेलं तर तो गुलाब कायमचा गेला, परत कुठून आणणार? फांदी पेन्सिलीएवढी जाड झाली की दोन-तीन कटिंग लावा, किंवा जोमदार खुंटावर डोळा भरा, बीच्या रोपाच्या स्वतःच्या मुळांपेक्षा तिथे ते बरेचदा झपाट्यानं वाढतं. त्यातलं एक रोप दुसऱ्या कोणाच्या तरी बागेत देऊन ठेवा, नावाची चिठ्ठी लावून, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई उन्हापावसात उडते.